पुन्हा एकदा पडून दाखव!

दातदुखीने रात्रभर तळमळलेला माणूस सकाळी दातांच्या डॉक्टरांच्या दारात पोहोचला, की दात दुखायचा थांबतो. चढावर हटकून बंद पडणारी स्कूटर मेकॅनिकच्या हाती जाताच पहिल्याच किकला सुरू होते, आणि मग तो आपल्याकडे अशा नजरेने पाहतो, की बिघाड स्कूटरमध्ये नसून आपल्यातच असावा. हा अनुभव ज्याने घेतला नाही असा माणूस विरळा. माझ्या धंद्यात तर तो रोजचाच. मी संगणकाचे प्रोग्राम लिहितो, आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या तोंडी एक वाक्य कायमचे बसलेले असते : “माझ्याकडे तर व्यवस्थित चालतो!” हे वाक्य मी आजवर किती वेळा उच्चारले असेल याची गणती नाही. परंतु एकदा मी ते कागदावर लिहिले, खाली सही ठोकली, आणि त्या सहीपायी एका निरपराध बाईच्या पगारातून पैसे कापले गेले. त्याचीच ही हकीकत.

सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी एक पतसंस्था आहे. गाव माझे जन्मगाव, तेव्हा संस्थेचे नाव सांगत नाही. कर्जाचे हप्ते भरून घेणे, व्याज काढणे, पावती छापणे आणि रोजकीर्द लिहिणे, एवढे काम करणारा एक प्रोग्राम मी २०११ साली त्यांना करून दिला होता. तो पायथन या भाषेत होता. पायथन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अजगर येतो. पण नाव अजगरावरून पडलेले नाही. खिदो व्हान रॉसम या डच गृहस्थांनी १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत ही भाषा रचायला घेतली आणि १९९१ साली जगापुढे ठेवली. त्यांना ‘माँटी पायथन’ नावाच्या ब्रिटिश विनोदी मंडळींचे कार्यक्रम भारी आवडत, म्हणून हे नाव. भाषा मोठी सुटसुटीत, वाचायला सोपी. माझा प्रोग्राम तिच्या जोरावर आठ वर्षे बिनतक्रार चालला. पावसाळ्यात वीज गेली तर तेवढा थांबे.

पुढे जाहीर झाले की पायथनच्या दुसऱ्या पिढीची देखभाल १ जानेवारी २०२० पासून बंद होणार. सर्वांनी तिसऱ्या पिढीकडे यावे. मी २०१९ च्या दिवाळीच्या सुट्टीत बसून प्रोग्राम नव्या पिढीत आणला. लक्ष्मीपूजनाला संस्थेत वह्यांबरोबर संगणकालाही हळदकुंकू लागले, पाडवा झाला आणि नवा प्रोग्राम सुरू झाला. चेअरमननी मला पेढे दिले. ते मी घेतले, हे आता आठवले की बरे वाटत नाही.

तूट

डिसेंबरात व्यवस्थापकांचा पुण्याला फोन आला. रोकड जुळत नव्हती. संध्याकाळी प्रोग्राम सांगे त्यापेक्षा पेटीत २,१०० रुपये कमी भरले होते. काही दिवसांनी पुन्हा १,८०० कमी. दोन्ही वेळा खिडकीवर त्याच रोखपाल बाई होत्या. वीस वर्षे नोकरी झालेल्या, चष्म्याला दोरी लावणाऱ्या, बोलायला मोजक्या.

मी रोजकीर्दीची प्रत मागवून पाहिली. उलगडा तर सोपाच होता! दोन्ही दिवशी एकाच खात्याची, एकाच रकमेची नोंद दोनदा झाली होती. पैसे एकदा आले, नोंद दोनदा. मग तूट येणारच. बाईंचे म्हणणे असे, की हप्ता भरून घेताना खिडकी मध्येच मिटून जाते, पावती निघत नाही. प्रोग्राम पुन्हा सुरू करून हप्ता पुन्हा भरला की पावती येते. गिऱ्हाईक पुढ्यात पावतीसाठी उभे असते. दुसरे काय करणार? मी तीच रक्कम, तेच खाते घेऊन माझ्या संगणकावर हप्ता भरून पाहिला. पावती झटकन आली. पुन्हा भरला, पुन्हा आली. मग मी संस्थेला पत्र पाठवले : प्रोग्राम तपासला, माझ्याकडे व्यवस्थित चालतो, नोंद दोनदा दाबली गेल्याचे दिसते.

किती सभ्य भाषा! ‘दाबली गेल्याचे दिसते’ म्हणजे कोणी दाबली हे लिहायची गरज नाही. संस्थेने तूट बाईंच्या पगारातून हप्त्याहप्त्याने कापायला सुरुवात केली.

जानेवारीत तिसरी तूट आली, ३,००० ची; नंतर चौथी, २,५०० ची. सगळे मिळून ९,४०० रुपये.

पंचनामा

प्रोग्राम चालता चालता कोसळतो त्याला आमच्या भाषेत ‘क्रॅश’ म्हणतात. पायथनचा प्रोग्राम कोसळला, की मरता मरता तो एक जबानी देतो. कोणत्या फाईलीत, कितव्या ओळीवर, कोणी कोणाला बोलावले असताना, कोणत्या कारणाने मी पडलो, हे सारे तो क्रमाने लिहितो. तिला ‘ट्रेसबॅक’ म्हणतात. संस्थेतल्या संगणकावर ती जबानी काळ्या खिडकीत उमटे आणि खिडकीबरोबरच नाहीशी होई. तिसऱ्या तुटीनंतर मी चार ओळी वाढवून ती जबानी फाईलीत उतरवून ठेवण्याची व्यवस्था केली. चौथ्या वेळी पंचनामा हाती आला. त्याचा अर्थ एवढाच : दंडव्याज काढायला गेलो, त्यासाठी आधी व्याज हवे होते, ते सापडले नाही.

मी कपाळाला हात लावला. हे शक्यच नव्हते. व्याज आधी, दंडव्याज मागाहून, याच क्रमाने आठ वर्षे हिशेब होत आला होता. खिडकी मिटते हे बाईंचे म्हणणे तर खरे ठरले. तरी माझा हेका असा, की त्यांनी काहीतरी उलटसुलट दाबले असावे. पंचनामा प्रेत कुठे पडले ते सांगतो. माणूस तिथवर कोणत्या वाटेने आला, हे त्यात नसते. आणि जे त्यात नसते ते आपण आपल्या पूर्वग्रहाने भरून काढतो.

या ठिकाणी मला विमानांची आठवण होते. २ मे १९५३ रोजी कलकत्त्याहून दिल्लीकडे निघालेले एक ‘कॉमेट’ विमान उड्डाणानंतर काही मिनिटांतच वादळात सापडून मोडून पडले. आतली ४३ माणसे गेली. ‘कॉमेट’ हे त्या काळचे अगदी नवे जेट विमान. पुढल्या वर्षी आणखी दोन समुद्रात कोसळली. सांगायला कोणी उरत नसे. मेलबर्नच्या विमानविद्या प्रयोगशाळेतले डेव्हिड वॉरन या अपघातांच्या चर्चेत बसलेले असताना त्यांच्या मनात आले, की त्या शेवटच्या घटकांत वैमानिक काय बोलत होते आणि काटे काय दाखवत होते हे कोणी टिपून ठेवले असते तर? त्यांचे स्वतःचे वडील १९३४ साली विमान अपघातातच गेले होते. वॉरननी १९५४ साली तशी सूचना लिहून दिली आणि पुढे पोलादी तारेवर चार तासांचे बोलणे व उपकरणांची मापे टिपणारे यंत्रही बनवले. आजच्या ‘ब्लॅक बॉक्स’चे हे पूर्वज. (पेटीचा रंग मात्र काळा नसतो, ढिगाऱ्यात दिसावी म्हणून ती भगव्या-नारिंगी रंगाची असते.) अपघात झाल्यावर धावत जाणे वेगळे आणि अपघाताच्या आधीपासून टिपत राहणे वेगळे.

बाईंची वही

फेब्रुवारी २०२० मध्ये मी स्वतः गावी गेलो. बाईंना समजावून सांगावे, दोनदा न दाबण्याची पद्धत शिकवावी, असा माझा परोपकारी बेत होता. त्यांनी माझे सगळे ऐकून घेतले. मग टेबलाच्या खणातून एक शंभर पानी वही काढली.

“साहेब, मी दोनदा दाबलं नाही. काय केलं ते यात लिहिलंय.”

मी वही चाळू लागलो. तारीख, वेळ, खाते क्रमांक, रक्कम, कोणती कळ दाबली, काय झाले. एका पानावर होते : ‘११-४०. दोनदा बंद पडला. तिसऱ्यांदा पावती आली.’ ही ३,००० ची तूट! हप्ता १,५०० चा, नोंदी तीन. चुकून दोनदा दाबणारा माणूस भेटेल, पण तीनदा? दुसऱ्या पानावर होते : ‘बंद करून सुरू केला. मग दुपारी तसलेच दुसरे खाते, काही झाले नाही.’ आणि प्रत्येक नोंदीपुढे त्यांनी बारीक अक्षरात लिहिले होते : ‘थकबाकीदार. तीनवर हप्ते थकलेले.’ माझ्या प्रोग्राममध्ये दंडव्याज लागते ते अशाच खात्यांना.

मी वही मिटली. संगणकाच्या शास्त्राचा एक अक्षरही न शिकलेल्या या बाईंनी, जे मी करायला हवे होते ते काम दोन महिने चालवले होते. त्या अपघात टिपत होत्या.

डाव मांडणे

आता खरी गोष्ट. प्रोग्राम चालत असताना त्याच्या पोटात क्षणाला लाखो घडामोडी होतात. त्या सगळ्या टिपायच्या म्हटल्या तर वह्याच काय, गोदामे भरतील. सुदैवाने त्याची गरज नसते. का, ते बुद्धिबळ खेळणाऱ्याला चटकन कळेल. डाव जपून ठेवायचा तर दर चालीगणिक पटाचा फोटो कोणी काढत नाही. नुसत्या चाली लिहितात. सुरुवातीची मांडणी ठाऊक, नियम ठाऊक. मग चालींच्या कागदावरून पन्नास वर्षांपूर्वीचा डाव सांगलीच्या एखाद्या ओट्यावर जसाच्या तसा पुन्हा मांडता येतो. प्रोग्रामचेही तेच. आतले सगळे हिशेब तो नियमाप्रमाणे पुन्हा करीलच. टिपायचे ते फक्त बाहेरून आलेले : कोणती कळ दाबली, फाईलीतून काय वाचले, घड्याळाने किती वाजले म्हणून सांगितले, नशिबाचे फासे काय पडले. एवढे जपा आणि पुन्हा चालवताना तेच त्याला भरवा. तो त्याच वाटेने जाईल आणि त्याच खड्ड्यात पडेल. मग ‘पुन्हा एकदा पडून दाखव’ म्हटले की निमूटपणे पडतो, हवे तितक्या वेळा.

हे तत्त्व वापरून मोठी हत्यारेही घडवलेली आहेत. ‘फायरफॉक्स’ काढणाऱ्या मोझिला संस्थेतल्या मंडळींनी ‘आर-आर’ नावाचे असे एक साधन केले आणि २०१४ साली ते सर्वांना खुले केले. बाहेरून आत आलेली प्रत्येक गोष्ट ते टिपते, आणि पुन्हा चालवताना आपण मागेसुद्धा जाऊ शकतो : पडला त्या क्षणापासून उलटे चालत, कुठे पाय घसरला तिथवर. परंतु ते लिनक्स या प्रणालीवर चालते. संस्थेतला संगणक विंडोजचा. तेव्हा मी आपली घरगुती टेप केली. कळा, फाईलीतून वाचलेले आकडे आणि घड्याळ, एवढे टिपायचे. व्यवस्थापकांना सांगितले, की आता तूट आली तर लिहून ठेवा, कापू नका.

नवव्या दिवशी प्रोग्राम कोसळला. टेप पुण्याला आली. मी घड्याळाला त्या दिवशीची तारीख सांगायला लावली, खात्याचे आकडे भरवले आणि टेप लावली. पावती आली! काळजात धस्स झाले. पुन्हा लावली, कोसळला! तिसऱ्यांदा पावती, चौथ्यांदा पावती, पाचव्यांदा कोसळला.

अमेरिकेतले संगणकतज्ज्ञ जिम ग्रे यांनी १९८५ साली एका निबंधात प्रोग्राममधल्या दोषांचे दोन वर्ग वर्णिले होते. एक बोरच्या अणूसारखा ठाम, कधीही पाहा जागच्या जागी; दुसरा हायझेनबर्गच्या अनिश्चिततेसारखा, पाहायला जावे तर नाहीसा होणारा. माझ्या घरात दुसरा शिरला होता. पण आता एक गोष्ट मला कळत होती. टेप तीच, निकाल वेगळा. म्हणजे बाहेरून आत येणारी आणखी एक गोष्ट होती, जी माझ्या टेपेत नव्हती. फासे कुठेतरी पडत होते.

रोजचे मीठ

पायथनमध्ये ‘सेट’ नावाची सोय आहे; तिला आपण पिशवी म्हणू. व्याज, दंडव्याज, मुद्दल ही तीन नावे मी अशा पिशवीत टाकली होती आणि जे हाती लागेल त्याचा हिशेब आधी करत होतो. पिशवीच्या आत सुरुवातीला आठ खण असतात. प्रत्येक शब्दाचे गणित करून एक आकडा काढतात आणि त्यावरून त्याचा खण ठरतो. जुन्या पिढीत हा आकडा कायमचा एकच येई, म्हणून योगायोगाने व्याज नेहमी दंडव्याजाच्या आधी हाती लागे. माझा प्रोग्राम आठ वर्षे चालला तो माझ्या हुशारीने नव्हे, नशिबाने.

डिसेंबर २०११ मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत दोन संशोधकांनी दाखवून दिले, की हा आकडा आधीच ओळखता येत असेल तर एकाच खणात जाणारे हजारो शब्द मुद्दाम पाठवून मोठमोठे संगणकही जेरीस आणता येतात. त्यावर उपाय म्हणून पायथनच्या ३.३ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१२ पासून, प्रत्येक वेळी प्रोग्राम सुरू होताना त्या गणितात एक चिमूट वेगळे मीठ आपोआप पडू लागले. मीठ बदलले की खण बदलले, आणि हाती लागण्याचा क्रमही बदलला. एखाद्या सकाळी व्याज आधी, एखाद्या सकाळी दंडव्याज आधी. प्रोग्राम बंद करून सुरू केला की मीठ नवे! बाईंच्या वहीतले ‘बंद करून सुरू केला, मग चालला’ याचा अर्थ हा होता. आणि माझ्या संगणकावर चालला त्याचाही अर्थ तोच : त्या दिवशी माझे फासे सरळ पडले होते.

हे मीठ आपल्याला ठरवूनही देता येते; त्यासाठी एक आकडा सांगावा लागतो. मी तीच टेप निरनिराळे आकडे देऊन लावली. काही आकड्यांवर ती दहापैकी दहा वेळा कोसळली, काही आकड्यांवर दहापैकी एकदाही नाही. दोष आता खुंटीला बांधला गेला.

दुरुस्ती दोन ओळींची. पिशवी काढून क्रमवार यादी घातली, आणि व्याज, दंड, मुद्दल यांचा सगळा हिशेब झाल्याखेरीज रोजकीर्दीत रक्कम लिहायची नाही असे केले. ही दुसरी चूक पहिलीहून वाईट होती. प्रोग्राम पडणे हा अपघात. पण अर्धवट नोंद मागे ठेवून पडणे ही माझी हयगय.

टेपेतला वर्गमित्र

एक गोष्ट लपवून चालणार नाही. ती टेप ऐन रंगात तपासत असताना एका खात्यावर माझी नजर थबकली. नाव माझ्या शाळेतल्या मित्राचे होते. पाच हप्ते थकलेले. गेल्या गणपतीत तो भेटला होता, तेव्हा धंदा झकास चालल्याचे सांगत होता. त्याने जे मला सांगितले नव्हते, ते मी त्याच्या नकळत वाचले होते.

अपघात टिपणारे साधन सगळ्यांचेच टिपते, हे विसरू नये. कोसळत्या प्रोग्रामच्या हातात त्या क्षणी जे असेल, नाव, शिल्लक, पासवर्डसुद्धा, ते टेपेत जाते. डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्या संसदेने २०२३ साली केला. तेव्हा तो नव्हता, पण लाज तेव्हाही होती. त्या दिवसापासून माझ्या टेपेत नावे उतरत नाहीत. नावाच्या जागी नुसता क्रमांक जातो, आणि काम झाले की टेप पुसली जाते. मित्राला मी काही बोललो नाही.

मग मी संस्थेला दुसरे पत्र लिहिले. त्यात ‘गेल्याचे दिसते’ असला प्रयोग केला नाही. लिहिले, की चूक माझी आहे, प्रोग्राम मी चुकीचा लिहिला, रोखपाल बाईंनी कोणतीही नोंद चुकून केलेली नाही, आणि संस्थेने त्यांच्याकडून वसूल केलेली रक्कम माझ्या बिलातून वळती करावी. संचालकांच्या सभेत ते पत्र वाचले गेले आणि पैसे परत मिळाले.

मी क्षमा मागायला गेलो तेव्हा बाई पावत्या लावत होत्या. म्हणाल्या, “पैशाचं काही नाही, साहेब. पण घरी सांगितलं नव्हतं मी. पगार कमी का येतो, म्हणून पोरगा विचारायचा.”

यावर मला काही बोलता आले नाही. मी ती वही मागितली. त्यांनी वहीची उरलेली कोरी पाने नीट फाडून घेतली, हिशेबाला लागतील म्हणाल्या, आणि लिहिलेली पाने मला दिली.

बाई आता निवृत्त झाल्या आहेत. प्रोग्राम अजून चालतो. तो कधीच पडणार नाही असे मी आता कोणाला सांगत नाही. माझ्या हाताखाली नवी मुले-मुली येतात; हुशार असतात, माझ्याहून भराभर लिहितात. पहिली तक्रार आली की त्यांच्याही तोंडून हटकून ते वाक्य निघते : “माझ्याकडे तर चालतो!” मी तेव्हा रागावत नाही. खणातून ती पाने काढून त्यांच्यापुढे ठेवतो आणि म्हणतो, “हे आधी वाचा. मग तक्रार करणाऱ्याला फोन लावा, आणि त्यानं काय पाहिलं ते विचारा.”